बावीस नंबरचा बिल्ला

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. ज्याचा लॉग नाही ते घडलंच नाही, असं समोरच्याला तोंडावर सांगण्याचा मला पगार मिळतो. ऑफिसात कुणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून कॉफी आणायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय... पण तीन वर्षं झाली, समीर सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि आता पोटात राहत नाही.

२०१६ चा ऑक्टोबर. इथे परदेशात, लव्हाल शहरातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि दुरुस्तीला दोन महिने लागणार होते. तेवढ्यासाठी आम्ही उत्तरेला सव्वा तासावरच्या एका छोट्या, फ्रेंच बोलणाऱ्या गावात घर भाड्याने घेतलं. गावाचं नाव देत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी प्रेमाने बोलतात. समीर, म्हणजे माझा नवरा, रोज लव्हालला कामाला जायचा. मी घरून काम करायचे. आणि सोबत माझे बाबा, वय बाहत्तर, सुपर व्हिसावर, म्हणजे इथे आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसावर, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले.

बाबा वऱ्हाडातल्या छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेज लाईनवर गँगमन होते, रूळ राखणारे मजूर; शेवटी मुकादम झाले. इथल्या मित्रमंडळींत मी "बाबा रेल्वेत इंजिनिअर होते" असं ठोकून द्यायचे. बाबा ऐकायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे.

भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणाला लागून एक सायकल ट्रेल होती, बारीक खडीची, सरळसोट. पहिल्या दिवशी बाबांनी चपलेच्या टोकाने खडी उकरली आणि म्हणाले, "पोरी, ही लाईन आहे."

खरंच होती. दक्षिणेला कागदाच्या गिरणीपाशी मोठ्या लाईनपासून फुटायची, नदीच्या कडेकडेने चढत खडक फोडून केलेल्या एका खिंडीतून गावात यायची, पुढे तळं, मग लोखंडी पूल, आणि शेवटी लाकडाच्या वखारीच्या गावी संपायची. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका पाद्र्याने हट्ट धरून ती आणवली, उत्तरेच्या जंगलात लोकांनी वस्ती करावी म्हणून. खाली लाकूड यायचं, वर माणसं जायची. मग रस्ता झाला, गाडी रिकामी धावू लागली आणि एक दिवस रूळ उचलले. हे सगळं मला मादाम लिझने सांगितलं. गावातलं जुनं स्टेशन आता तिचं कॅफे आहे. बाबांना मात्र कुणी काही सांगावं लागलं नाही. जमिनीकडे बघून ते म्हणायचे, इथे लूप होती, गाडी बाजूला घ्यायची लाईन, इथे पाण्याची टाकी. मी मादामला विचारायचे आणि ते बरोबर निघायचं.

दुपारी तीनला चहा घेऊन बाबा उत्तरेला पुलापर्यंत जायचे. दोन किलोमीटर जाऊन, दोन येऊन. खिशात त्यांचा गस्तीचा पितळी बिल्ला असायचा, सात नंबरचा. रिटायर होताना परत करायला "विसरले" होते.

ही गस्त काय ते थोडक्यात सांगते. पावसाळ्यात रुळांवर माणूस चालत ठेवतात, हातात दिवा. प्रत्येकाचा ठरलेला टप्पा. टप्प्याच्या टोकाला पलीकडून दुसरा येतो. दोघं बिल्ले बदलतात आणि मागे फिरतात. तुमच्या हातात दुसऱ्याचा बिल्ला, म्हणजे तुम्ही टोकापर्यंत गेला होतात याचा पुरावा. आणि समोरचा आलाच नाही तर? तर मागे फिरायचं नाही. त्याला शोधत पुढे जायचं. लहानपणी जेवताना हे इतक्यांदा ऐकलंय की पाढ्यासारखं पाठ आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा फिरून आले आणि टेबलावर एक बिल्ला ठेवला. पितळी, पण लांबट अंड्याच्या आकाराचा. त्यावर २२.

"हा कुणाचा?"

"पुलावर एक म्हातारा भेटला. हातात दिवा होता. त्यानं बिल्ला पुढं केला, मी माझा देल्ला."

"बाबा! ओळख ना पाळख... तुम्हाला ना इंग्लिश येत ना फ्रेंच. बोललात काय त्याच्याशी?"

"यात भाषा कायची? बिल्ला पुढं केला का बिल्ला द्याचा."

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं जपलेली वस्तू वाटेवरच्या माणसाला देऊन आले! बाबा म्हणाले, उद्या देईल. आणि दिला. दुसऱ्या दिवशी सात घरी, तिसऱ्या दिवशी बावीस, चौथ्या दिवशी सात. समीर म्हणाला, "बाबांना वॉकिंग बडी मिळाला, तू कशाला टेन्शन घेतेस?" मीही मग हसून सोडून दिलं. असेल कुणी रिटायर रेल्वेवाला.

पुढच्याच आठवड्यात ब्रेड आणायला कॅफेत गेले तेव्हा सहज मादामला बिल्ल्याचा फोटो दाखवला. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि मला काउंटरमागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे लाकडी फळी, फळीवर नंबर टाकलेले हुक, प्रत्येक हुकवर तसलाच बिल्ला. फक्त बावीसचा हुक रिकामा.

लाईनवर फिरणारी माणसं सकाळी इथून बिल्ला घ्यायची, संध्याकाळी परत लावायची, ती म्हणाली. एका वसंतात बर्फ वितळून नदी फुगली होती. बावीस नंबरवाला दिवा घेऊन पुलापर्यंत गेला. पलीकडून येणारा माणूस त्या दिवशी आलाच नाही. थंडी आहे म्हणून घरी बसला. तेव्हा बावीस नंबरवाला त्याला शोधायला पुलापलीकडे गेला...

"मग?"

"से तू," मादाम रिकाम्या हुककडे बोट दाखवून म्हणाली. म्हणजे, एवढंच.

घरी येताना मी वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. विश्वास बसला म्हणून नाही हं. कुणीतरी म्हाताऱ्या परक्या माणसाची थट्टा करतंय, उद्या काही बरंवाईट करेल, असं मी स्वतःला सांगत होते. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी बाबांना बजावलं, "आजपासून पुलाकडे जायचं नाही. फिरायचंच असेल तर दक्षिणेला जा."

"आन हा बिल्ला? बावीस माझ्यापाशी हाय."

"मी मादामला देते."

"हातचा बिल्ला हातातच देतेत." त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. दाराशी थांबून म्हणाले, "मी गेलो नाई तं थो मले शोधत येईल, पोरी. नियम आहे." मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "लवकर या."

मीटिंग संपली तेव्हा पावणेपाच झाले होते. बाहेर बर्फ पडत होता, मोसमातला पहिला, आणि चांगलाच. बाबा आले नव्हते. त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. समीर लव्हालहून निघाला होता, पण हायवे जाम.

मी बूट घातले आणि धावले ते उत्तरेला, पुलाकडे. कारण मला खात्री होती, बाबांनी माझं ऐकलं नसणार. आयुष्यात इतक्या खात्रीने मी कधी चुकले नाही.

पुलावर पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. बर्फावर एकही पाऊल नव्हतं. मी हाका मारल्या. खाली पाणी तेवढं वाजत होतं. तेवढ्यात पुलाच्या पलीकडच्या टोकाला दिवा दिसला. पिवळा, मिणमिणता, कमरेच्या उंचीवर, हेलकावत येणारा. जीव भांड्यात पडला. मी ओरडले, "मस्यू! एका म्हाताऱ्या माणसाला पाहिलंत का?" इंग्लिशमध्ये, मग मोडक्या फ्रेंचमध्ये. दिवा तसाच जवळ आला, मी बाजूला झाले, आणि तो माझ्या अंगावरून पुढे गेला. दिव्यामागे... बघायचं मी टाळलं. खरं तेच सांगते. पण पावलं ऐकली. आखूड, ठरावीक अंतराची, लाकडावर पडल्यासारखी. रुळांखालच्या लाकडी स्लीपरवरून चालणारा माणूस तसा चालतो. माझे बाबा घरातसुद्धा तसेच चालतात. तिथे स्लीपर उचलून पंचवीस वर्षं झाली होती आणि माझ्या पायाखाली वीतभर बर्फ होता.

मी त्याच्यामागे गेले. का, ते विचारू नका. पळून घराकडे जायचं तरी वाट तीच होती. आमचं घर आलं, मागच्या दाराचा लाईट आला. दिवा थांबला नाही. मी थांबले. आत जाऊन दार लावून घ्यावं असं वाटलं; हात कडीवर गेलासुद्धा. दिवा दक्षिणेला जात होता. दक्षिणेला बाबांना मी पाठवलं होतं. हे मला तेव्हा, त्या दारापाशी सुचलं. मी रडतच त्याच्यामागे धावले.

दीड किलोमीटरवर, खडकाच्या खिंडीत, दिवा दिसेनासा झाला. मी फोनचा टॉर्च लावला. कडेच्या गटारात बाबा पडले होते. पाय वाकडा, टोपीवर बर्फ. पण डोळे उघडे.

"आली का," ते म्हणाले.

ॲम्ब्युलन्सला फोन करून मी माझा कोट त्यांच्यावर टाकला आणि हात चोळत बसले. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. "झोपू नका बाबा, बोलत राहा."

"झोपू कुठं देल्लं त्यानं. बाजूलेच बसला होता. बिल्ला हातात दे, काढून घे, पुन्हा दे... डोळा लागू देल्ला नाई." मग, "मधात उठून गेला. म्हटलं, पाळी संपली त्याची. मंग तू आली."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, तुम्ही एकट्याच होतात ना? घरापासून एकाच माणसाच्या पावलांवरून ते आले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशा थंडीत अडीच तास पडून राहिलेला या वयाचा माणूस जागा राहत नाही, यांना कशाने जागं ठेवलं? हॉस्पिटलात त्यांची मूठ नर्सने उघडली. आत सात नंबर होता. बावीस कुठेच मिळाला नाही. कपडे मी तीनदा झटकले.

ऑपरेशन झालं, बाबा वाचले. पण आता पुलापर्यंत चालणं नव्हतं, आणि जानेवारीत भारतात परतायचं होतं. त्यांना एकच घोर लागला. "थो रोज पुलावर येऊन उभा राहत असंल. त्याले सांग, मी रिटायर झालो. माझा बिल्ला दे, म्हणजे समजंल."

भाड्याचं घर सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला मी गेले. पुलाच्या मधोमध उभी राहिले आणि कोणी नसताना मोठ्याने मराठीत बोलले. "माझे बाबा गँगमन होते. ते आता येणार नाहीत. तुम्ही त्यांना शोधत आलात, त्याबद्दल..." बिल्ला एका बोल्टला अडकवला आणि वळले. दहा पावलांवर राहवलं नाही, मागे पाहिलं. बिल्ला तिथेच होता. पण लांबट वाटला. परत गेले.

२२.

तो घेऊन मी थेट कॅफेत गेले. मादामने बिल्ला एप्रनला पुसला, रिकाम्या हुकवर लावला आणि बोटाने सरळ केला. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी बसला होता ना, तो माझा आजोबा."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग झालं. आता जेवतो."

समीर म्हणतो, थंडीने बाबांना भास झाले, भीतीने मला. आणि बिल्ला? त्यावर तो उठून कॉफी आणायला जातो. बग असता तर मी शोधून काढला असता. हा माझ्याकडे तीन वर्षं ओपन पडलाय, आणि क्लोज होईल असं वाटत नाही. फक्त हल्ली कुणी विचारलं तर मी सांगते, माझे बाबा रेल्वेत गँगमन होते.