कारवान, पश्मी आणि आमचे साडू

‘दोन्हीही उत्तमच’ हे वाक्य विधात्याने आधी रचले आणि मग ते उच्चारण्यासाठी आमच्या साडूंना जन्माला घातले, असे माझे साधार मत आहे. मी नाशिकच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो; माणसे पारखणे हा माझा व्यवसायच. तरीही दोहोंतून एक निवडताना इतका व्याकुळ होणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात दुसरा नाही. घोटीला तांदूळ आणायला गेले की दोन दुकानांतील मूठमूठ वानगी रुमालाच्या दोन टोकांना बांधून, पोते रिकामेच घेऊन परत येत. मिशी ठेवू की उतरवू, या न्हाव्याच्या प्रश्नावर विचार करता करता एकदा अर्धी मिशी घेऊन घरी आले. लग्नातही तेच. आमच्या सासऱ्यांनी पाठोपाठच्या दोन्ही मुली दाखवल्या आणि ‘पसंत पडेल ती कळवा’ म्हटले. हे पोहे खाऊन गेले ते गप्पच. दरम्यान मी धाकटीला मागणी घातली. माझे ठरले आणि लगेच यांचा निरोप आला, ‘थोरली पसंत.’ तेव्हापासून अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, येताजाता ऐकवीत, "मला कुठं निवडलं हो यांनी? धाकटी गेली, मी उरले!" साडू यावर मान खाली घालून सायकलचे चाक फिरवीत बसत.

देवळाली कॅम्पात त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. शेजारचे सुभेदार निवृत्त होऊन गावी निघाले, त्यांच्याजवळ दोन दुर्मिळ शिकारी कुत्री : एक कारवान जातीचा, दुसरी पश्मी जातीची. "एक तुम्ही घ्या, दुसरं बाजारात मोकळं सोडावं लागणार," असे सुभेदारांनी सांगितले, आणि "घरात एकच येईल," असे अक्कांनी. वास्तविक शिकारीवर सरकारची बंदी, आणि साडूंनी आयुष्यात ढेकूणसुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडलेला! पण शिकारी कुत्र्याची परीक्षा शिकारीनेच व्हावी, हा त्यांचा आग्रह. ससा म्हणून माझी नेमणूक झाली. माझाच लोकरी मफलर सायकलच्या मागे बांधून, ज्याच्या अर्जांनी भल्याभल्या कचेऱ्या हलवल्या तो मी, मैदानात जीव खाऊन पेडल मारू लागलो. कारवान बाणासारखा सुटला, मला आणि मफलरला मागे टाकून थेट खाटकाच्या दुकानी पोचला. पश्मी चार ढांगांत मफलरावर बसली आणि मी सायकलसकट आडवा झालो.

"काय ठरलं?" मी धूळ झटकत विचारले.

"कारवानची कंबर बघा साडूभाऊ, जशी मुठीत धरून ओढलीय!"

"मग कारवान घ्या."

"पण पश्मीच्या कानांवरचे केस? घरून विंचरून आल्यासारखे!"

सुभेदारांच्या गाडीची वेळ झाली, टांगा दारात आला, तरी साडू दोन्ही साखळ्या धरून उभे. पश्मी माझ्या पावलावर बसून उरलेला मफलर चावीत होती. माझा संयम सुटला. "द्या ती पश्मी मला!"

"मग कारवान माझा," साडू क्षणात म्हणाले.

अक्का कडाडल्या, "बघा! पुन्हा उरलं तेच घेतलं!"

साडूंनी प्रथमच मान वर केली. "उरलं कुठं? कारवान पहिल्याच दिवशी ठरला होता. पण मी तसं बोललो असतो तर ही पश्मी बाजारात सुटली असती. म्हटलं, आधी हिला घर मिळू दे."

अक्कांनी विचारले, "आणि पोहे खाल्ले तेव्हा?"

"तेव्हाही तसंच. दोघी समोर बसलेल्या. एकीला नको म्हणायचं कसं?"

"इतकी वर्षं बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी? नुसतं ऐकवलंस."

अक्का चहा ठेवायला आत गेल्या. घरी मी ही हकिकत सांगितली, तेव्हा पश्मीचे कान विंचरत आमच्या मंडळी म्हणाल्या, "म्हणजे मला नकोच म्हणाले होते की!" आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

‘मी उरले’ हे शब्द अक्कांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. आता कारवान नाही, पश्मी नाही, आणि साडूही नाहीत. देवळालीला गेलो की अक्का चहाचे कप पुढे ठेवतात. पूर्वी मी जास्त भरलेला कप बघून चटकन हात घालीत असे. हल्ली जरा थांबतो. आधी दुसऱ्याला घेऊ द्यावा.