बेचक्याची काठी

"हात थांबू देऊ नकोस, तोंड वाटेल तेवढं चालव," असं ताई म्हणायची.

चाकाशी बसली की म्हणायचीच, पण भाजी निवडताना सुनेलाही म्हणायची, दारात पत्र हातात धरून गप्पा मारणाऱ्या टपालवाल्यालाही म्हणायची. नवरा गेला तेव्हा अंगणात हंबरडा फोडणाऱ्या नणंदेलाही तिने हेच ऐकवलं होतं. आधी चुलीवरचं पाणी बघ, मग रड. नणंदेने ते शेवटपर्यंत मनात ठेवलं.

तिच्या धाकट्या भावाला मात्र त्या बोलण्याचा कधी राग आला नाही. त्याच्या कानावर पहिल्यांदा जे शब्द पडले असतील, त्यांत हे असणार.

दोर वळणाऱ्यांचं घर होतं ते. घरामागे एक लांबच लांब अरुंद पट्टी, एका टोकाला छपराखाली लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला दगडी कुंपण. बाप कमरेभोवती घायपाताच्या वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले चार तंतू ओढून चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचा. ताई चाक फिरवायची. चाकाचा पीळ तंतूंत उतरायचा आणि बापाच्या बोटांपुढे धागा जन्माला यायचा. धागा फार लांबला की मध्ये त्याचं पोट सुटायचं. एकदा का तो जमिनीला टेकला की माती, काड्या, काय वाटेल ते पिळात शिरायचं आणि सगळी मेहनत फुकट. म्हणून मध्ये एक जण लागायचा. टोकाला दोन फाटे फुटलेली काठी घेऊन त्याने उभं राहायचं, त्या बेचक्यात धागा झेलायचा आणि बाप सरकेल तसं सरकायचं.

ते काम धाकट्याचं. चाकाकडून बापाकडे, बापाकडून चाकाकडे, दिवसभर नुसती पळापळ. ताईने त्याचं नाव ठेवलं मुंगळ्या.

आई लवकर गेली होती. त्यामुळे मुंगळ्याचे केस विंचरणं, नाक पुसणं, त्याला रागावणं आणि त्याच्यासाठी दुसऱ्यांशी भांडणं ही सगळी कामं चाक फिरवता फिरवताच ताईच्या अंगावर पडली. ती स्वतः काही मोठी नव्हती. चाकाचा दांडा वर गेला की तिला पाटावरून अर्धं उठावं लागे. पण तिच्या हाताला लय होती. चाकाचा आवाज संथ, एकसारखा, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखा. मुंगळ्याला त्या आवाजात उभ्या उभ्या पेंग यायची, धागा खाली यायचा, आणि लगेच चाकाकडून हाक यायची, "ए मुंगळ्या! पोट सुटलं बघ!" तो दचकून काठी वर करायचा. बाप मागून हसायचा. हसताना त्याच्या कमरेचा भारा हलायचा.

एवढंच. त्या पट्टीत याहून मोठं काही घडलं नाही. पण म्हातारपणी त्याला आठवायचं ते तेवढंच. लग्न, बायको, तिचं आजारपण, बाजारात आलेली प्लास्टिकची दोरी, तिने पाडलेला धंदा, हे सगळं त्याला माहीत होतं, जसं दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला माहीत असतं. स्वतःचं म्हणावं असं त्याला त्या पट्टीतलंच वाटे. सकाळी उठला की तो मागच्या दारात उभा राही आणि रिकाम्या पट्टीकडे बघत राही. तिथे आता गवत वाढलं होतं.

गल्ली त्याला दोरवाले काका म्हणायची. त्याला लहान असताना पाहिलेली माणसं एकेक करून निघून गेली. शेजारचा न्हावी गेला. त्याच्याबरोबर तो कुंपणावरून उड्या मारायचा. न्हाव्याला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, पण हात लावला की तो म्हणायचा, "काय रे, आलास का वाख पिंजारून?" तोही गेल्यावर राहिली एकटी ताई. तीन गल्ल्या सोडून, मुलाच्या घरी. ती मुंगळ्या म्हणत होती तोवर काठी घेऊन पळणारा पोरगा कुठेतरी होता. मग ताई विसरायला लागली.

आधी वस्तू विसरली, मग वार, मग माणसं. एकदा तो गेला तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. वळून म्हणाली, "कोण?"

"मी गं."

"मी म्हणजे? नळवाले ना? बरं झालं आलात. सारखा गळतोय मेला."

सून लाजेने अर्धी झाली. "आई, अहो, मामा आहेत हे."

"हो का?" ताई कौतुकाने म्हणाली. "मामा नळाचं काम करतात होय?"

तो हसला. सूनही हसली. घरी जाताना मात्र तो वाटेत एका ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पाना घेऊन गेला आणि त्याने नळ दुरुस्त केला. निदान नळवाल्याला ती बसा म्हणायची, पाणी विचारायची, मुलंबाळं काय करतात म्हणून चौकशी करायची. तो ओट्याशी खाटखुट करत राही आणि ती त्याच्याशी बोलत राही. पण मग एके दिवशी ती म्हणाली, "आता कशाला आलात? नळ तर चांगला चाललाय." जाता जाता सुनेची नजर चुकवून त्याने नळाची चकती पुन्हा थोडी सैल केली.

सुनेला ते कळलं होतं. तिने फक्त खाली एक पातेलं लावलं.

तिनेच एकदा त्याला बाहेर बोलावून सांगितलं, "मामा, ह्यांची बदली झाली. लांब आहे. रविवारी निघतोय आम्ही."

"आणि ताई?"

"त्यांना ठेवून कसं जाऊ? तिथे दवाखाना जवळ आहे म्हणतात." ती पदराशी चाळा करत राहिली. "तुम्ही या ना तिकडे. चार दिवस राहायला."

तो मान हलवत राहिला. येतो म्हणाला. त्याचे गुडघे बघता तो तिथवर जाणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मग तो एकदम म्हणाला, "सूनबाई, एक कर. जायच्या आधी एकदा तिला घरी घेऊन ये. आमच्या घरी. मागच्या पट्टीत."

"कशाला हो, मामा? त्यांना काही आठवायचं नाही. तुम्हालाच त्रास होईल."

"तोंडाला नाही आठवत. हाताला आठवेल. एकदा तिने मला नावाने हाक मारली की झालं. मग न्या तुम्ही, कुठे न्यायचं तिथे."

या वयाचा माणूस असं काही मागतो, हे सुनेने कधी पाहिलं नव्हतं. "शनिवारी आणते," ती म्हणाली.

मधल्या दोन दिवसांत त्याने विळा घेऊन पट्टीतलं गवत काढलं. कंबर धरली, पण काढलं. चाकाला तेल दिलं. माळ्यावरचा जुना वाख खाली काढून झटकला. त्यातल्या धुळीने तो खोकून खोकून बेजार झाला. बेचक्याची काठी छपराच्या वाशात खोचलेली होती, ती त्याने काढून भिंतीशी टेकवून ठेवली. सगळं जसं होतं तसं पाहिजे, म्हणजे तिला वाट सापडेल, असं त्याचं म्हणणं. शेजारचा शिंपी कुंपणावरून बघत होता. "काका, पुन्हा धंदा काढताय की काय?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक कुठून आणणार?"

"गिऱ्हाईक येतंय परवा," म्हातारा म्हणाला.

ताई आली ती सुनेचा हात धरून, पाहुण्यासारखी. दारात चपला नीट जोडून ठेवल्या. घरातून जाताना भिंतींकडे बघून म्हणाली, "छान ठेवलंय हो घर." पण मागच्या दारातून तिने पट्टी पाहिली आणि सुनेचा हात सोडला. कुणी न सांगता ती छपराखाली गेली, पाटावर बसली, दांड्याला हात घातला आणि चाक एकदा रिकामंच फिरवून पाहिलं. तोच आवाज. तोच संथ श्वास.

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

म्हाताऱ्याने घाईघाईने कमरेला भारा बांधला. बाप गेल्यापासून उलटं चालण्याचं काम त्याचंच होतं, सारा जन्म त्याने तेच केलं होतं, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. त्याने आकड्यात तंतू अडकवले आणि मागे सरकायला लागला. ताई फिरवत होती. पीळ उतरत होता. जुना वाख तुटत होता, तरी धागा येत होता. एक पाऊल, आणखी एक पाऊल. ताईचा चेहरा लांब जात होता आणि जितका लांब जात होता तितका लहान, जुना, ओळखीचा होत होता. त्याचे डोळे भरले. आता मारेल हाक, तो मनाशी म्हणत होता. आता हाक मारेल.

धाग्याचं पोट सुटलं. ताईने ते पाहिलं. तिची मान वर झाली, आवाज चढला, आणि तो आवाज पोरीचा होता.

"बाबा, धागा खाली आला! मुंगळ्या कुठे गेला?"

म्हातारा जागच्या जागी थिजला. आपण कुठे उभे आहोत ते त्याला तेव्हा कळलं. तो बापाच्या जागी उभा होता. मधली जागा रिकामी होती, आणि ताई तिथेच बघत होती.

त्याने भारा सोडला. धागा सपकन मागे गेला, चाकाशी जाऊन गुरफटला. तो जमेल तसा धावला, भिंतीची काठी घेतली आणि पट्टीच्या मधोमध, आपल्या जागेवर, जाऊन उभा राहिला. "हा बघ," तो धापा टाकत म्हणाला. "ताई, हा बघ मी. इथेच आहे."

चाक थांबलं. ताईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आजोबा, ती काठी ठेवा," ती समजावून सांगावं तसं म्हणाली. "ती आमच्या मुंगळ्याची आहे. हात लावलेला त्याला चालत नाही."

"अगं मीच मुंगळ्या. मीच. आठव ना. मला गोवर आला तेव्हा तू मला पाठीशी बांधून चाक फिरवलंस. मी त्या कुंपणावरून पडलो, तू बाबांना सांगितलं नाहीस. हे बघ, ही खूण बघ." तो कपाळावरचे पांढरे केस मागे सारून तिच्यापुढे वाकला. "बघ ना गं. एकदा नीट बघ. आता तुझ्याशिवाय कुणाला विचारू मी?"

ती पाटावरून उठली. घाबरली होती. इतकं सगळं या परक्या म्हाताऱ्याला कसं माहीत, हे तिला समजत नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे? कुठे आहे तो? तुम्ही त्याला काय केलंत?"

काय केलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सून पुढे झाली. "आई, चला, आपण घरी जाऊ या."

"तो उपाशी असेल," ताईने तिचा हात झटकला. "तुम्ही सगळे नुसते उभे आहात."

कुंपणाच्या फाटकातून ती अनवाणी बाहेर पडली. म्हातारा लंगडत फाटकापर्यंत गेला. गल्ली दुपारची ओस होती. ताई प्रत्येक दारात वाकून बघत होती, कोपऱ्याकोपऱ्याला थांबत होती, आणि हाका मारत होती. "मुंगळ्या! ए मुंगळ्या! ये रे, कुणी रागावत नाही!" वर्षानुवर्षं ज्या हाकेची त्याने वाट पाहिली होती ती हाक अशी भिंतींवर आपटत त्याच्यापासून लांब चालली होती.

त्याला राहवेना. फाटकाचा खांब धरून, होता नव्हता तो जोर काढून तो ओरडला, "ओ, ताई! ओ!"

ताई थांबली. तिने कान दिला. क्षणभर तिचा चेहरा उजळला आणि तिने वळून पाहिलं. तिला फाटकात एक म्हातारा दिसला, त्याच्यामागे एक बाई दिसली. तिने मान हलवली, पाठ फिरवली आणि हाका मारत पुढे निघाली, आधीपेक्षा भराभर.

"मी जाते त्यांच्या मागे," सून म्हणाली, आणि चपला शोधायला आत पळाली.

म्हातारा खांबाला धरून उभा होता. गल्लीच्या टोकाला ताई जराशी थांबली, कुठल्या बाजूला गेला असेल याचा विचार केल्यासारखी, आणि डावीकडे वळली. शिंपी मशीन थांबवून खिडकीतून बघत होता.