वरचा चमचा

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वैजनाथ तुपे मापाडी होता, तेव्हा त्याच्या मापावर दुसरा काटा लावायची कोणाची छाती नव्हती. बाप फकिराही मापाडीच. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि काटा सरळ झाला की वरून एक ओंजळ टाकायची, हे वैजनाथनं बापाकडून घेतलं. नुसतं काटेकोर माप म्हणजे कंजुषाचं माप, असं फकिरा म्हणायचा. ओंजळभर जास्त मिळालेला माणूस पुन्हा त्याच दारात येतो, हा त्याचा अनुभव होता.

पुढं मोंढ्यात आकडे दाखवणारे काटे आले आणि मापाड्याचं काम पोतं उचलून ठेवण्यापुरतं उरलं. बसून राहणं वैजनाथच्या रक्तात नव्हतं. पैठण रोडला चितेगावात एका कारखान्याला वजन करणारा भरवशाचा माणूस हवाय असं कळलं, आणि हा गडी बायकोला, करुणाला, घेऊन बिऱ्हाडासकट तिकडं गेला. कारखाना विमानांसाठी आणि उपग्रहांसाठी कार्बनच्या कापडाची पॅनेलं बनवायचा. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, मध्ये रेझिन, म्हणजे भाजल्यावर घट्ट होणारा चीक, भरायचं आणि भट्टीत भाजायचं. पत्र्याहून हलकं, पण पत्र्याला लाजवील असं काम.

वैजनाथचं काम काचेच्या पेटीत हात घालून काळी भुकटी तोलायचं. आठशे ग्रॅम रेझिनला चार ग्रॅम भुकटी. क्विंटलनं तूर मोजलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हसूच आलं. मग मृण्मयी मॅडमनी समजावलं. ही तिथली इंजिनिअर, शहरात वाढलेली, वयानं त्याच्या मुलीएवढी, आणि त्याला काका म्हणायची.

"काका, ही नुसती भुकटी नाही. या नळ्या आहेत. केसाचे उभे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी एकेक नळी."

"तुमाला दिसत्यात व्हय?"

"डोळ्यांना नाही दिसत. पण रेझिनमध्ये मिसळल्या की काम करतात. पॅनेलला बारीक तडा गेला तर त्याला धरून ठेवतात, पुढं सरकू देत नाहीत. वर अवकाशात अंगावर वीज साठते, तीही यांच्यातून वाहून जाते."

एवढ्या सगळ्यातून वैजनाथच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. या काळ्या भुकटीनं ताकद येते.

दोन वर्षं त्याच्या हातून तसूभर चूक झाली नाही. काटा वजनाची चिठ्ठी छापायचा, ती चिठ्ठी नोंदीच्या कागदाला चिकटायची आणि काम पुढं जायचं. तोवर सगळे नमुनेच होते. मग आठ महिन्यांच्या खटपटीनंतर खऱ्या उपग्रहावर जाणाऱ्या पहिल्या पॅनेलचा दिवस उजाडला. बाहेर नारळ फुटला. वैजनाथनं चार ग्रॅम तोलले, चिठ्ठी निघाली. आपलं माप आभाळात चाललं या विचारानं त्याचा ऊर भरून आला. मास्कच्या आत तो 'लाभ' म्हणाला आणि त्यानं वरून एक बारका चमचा टाकला. दिवसभर गडी खुशीत होता.

पॅनेल भाजलं गेलं, तपासणीच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसलं आणि ते लाकडी पेटीत बंद झालं. गुरुवारी पेटी बंगळुरूला निघायची होती. मंगळवारी मृण्मयी नव्यानं कामाला लागलेल्या मोनिकाला काम शिकवत होती. वैजनाथ शेजारी काटा पुसत होता.

"मॅडम, मग भुकटी जास्त घातली तर पॅनेल अजून मजबूत होईल ना?" मोनिकानं विचारलं.

"उलट कच्चं होतं. पिठल्यात गुठळ्या होतात तसं. गुठळीत रेझिन शिरत नाही, आणि मग तडा तिथूनच सुरू होतो. दोन टक्के इकडंतिकडं चालतं, त्याच्या पुढं नाही."

"तपासणीत दिसतं का ते?"

"इतक्या बारीक गुठळ्या? नाही दिसत."

वैजनाथचं पुसणं थांबलं. चार ग्रॅमचे दोन टक्के किती, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याचा चमचा त्याच्या कितीतरी पट होता. हातातलं फडकं तसंच धरून तो बाहेर आला आणि पॅनेलच्या पेटीजवळ जाऊन उभा राहिला. परत आला. पुन्हा गेला. सुटी होईपर्यंत त्यानं अशा पाच चकरा मारल्या, आणि रखवालदारालाच शंका यायला लागली.

घरी ताटावर बसला आणि उठला. दारापर्यंत गेला, परत बसला.

"पायाला भिंगरी लागली का तुमच्या? बसा की नीट," करुणा म्हणाली.

"मापात चूक झाली माझ्या."

"कमी पडलं?"

"नाय. जास्त पडलं."

करुणा हसायलाच लागली. "आता घ्या! जास्त दिल्याचं कोण भांडतंय व्हय?"

आयुष्यभर त्यालाही असंच वाटत आलं होतं, म्हणून तर ते हसू जास्त झोंबलं. चिठ्ठीवर चार ग्रॅम होते. गप्प बसलं तर ताकास तूर लागणार नव्हती. सांगितलं तर आठ महिन्यांची मेहनत मातीत, नोकरी जाणार, आणि लासूरपासून जपलेलं नावही जाणार. पण न सांगता ते पॅनेल वर गेलं आणि तडकलं, तर तिथं दुरुस्तीला कोण जाणार होतं? अति तेथं माती हे त्यानं दुसऱ्यांना शंभरदा ऐकवलं होतं. देण्यातही अति असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बापाचा राग आला, मग राग आल्याची लाज वाटली.

बुधवारी सकाळी तो मृण्मयीच्या दारात गेला आणि चहाचं निमित्त करून परतला. असं तीनदा झालं.

"काका, चौथ्यांदा आलात. काय झालंय?"

"मॅडम, पेटी नका पाठवू." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

मृण्मयीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्ही काय केलंत हे कळतंय का तुम्हाला? किती टाकलंत?"

"एक चमचा."

"चमचा हे माप आहे का, काका!" ती ओरडलीच. सगळा विभाग वळून बघायला लागला.

वैजनाथ काचेच्या पेटीकडं गेला आणि त्यानं आत हात घातले. त्यानं तोच चमचा पाच वेळा भरला आणि पाच वेळा तोलला. चारदा एकतीस सेंटिग्रॅम, एकदा तीस; चालण्यासारखे होते फक्त आठ. मृण्मयी त्या आकड्यांकडं बघत राहिली. असा हात तिनं पाहिला नव्हता, आणि याच हातानं घात केला होता.

पेटी थांबवली. त्याच वाढीव मापानं नमुन्याच्या पट्ट्या बनवल्या, भाजल्या आणि शनिवारी ताणायच्या यंत्रात लावल्या. वैजनाथ तिथंच येरझाऱ्या घालत होता. पहिली पट्टी तुटली, दुसरी तुटली, तिसरीही. तिन्ही पास होण्याच्या रेघेच्या अलीकडंच.

मृण्मयी खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "चिठ्ठी बरोबर होती. तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं."

"चिठ्ठी मशीनची व्हती, मॅडम. तिच्या नंतरचं माझं व्हतं."

तिनं वरिष्ठांकडं पाठवायचा फॉर्म काढला. 'दोष कोणामुळे' या रकान्यात तिनं लिहिलं, वैजनाथ फकिरा तुपे. खाली 'दोष कोणी शोधला' असा दुसरा रकाना होता. तिथंही तिनं तेच लिहिलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं दोनदा वाचलं. "दोन्हीकडं माझंच नाव? लोक हसतील. एक खोडा की."

"कोणतं खोडू?" तिनं विचारलं.

वैजनाथनं पेन घेतलं, आधी वरच्या नावावर नेलं, मग खालच्या. त्यानं खाली सही केली. नापास पॅनेल चुकूनही कुठं बसवलं जाऊ नये म्हणून कापून टाकायचं असतं, आणि कापताना दोन माणसं लागतात. डोळे पुसून तो पॅनेलचं दुसरं टोक धरायला पुढं झाला.