चूक पोटात घालणारी गाडी

मिस्त्रींचा जन्म जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्यात गेला. त्या गाड्यांना गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. लेकीला मात्र शर्यतीतल्यासारखी नवीकोरी गाडी हवी होती.

"आधी मी चालवून बघणार," त्यांनी बजावलं होतं. "मला भीती वाटली, तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही."

शोरूमसमोर त्यांनी टाकीवर हळूच हात ठेवला, झोपलेल्या वाघाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"अप्पा, ती चावत नाही!" लेक हसली.

"चावली तर तुझ्या आईला तोंड कुणी दाखवायचं?"

त्यांनी मूठ पिळली आणि रस्ताच त्यांच्याकडे धावत आला. वाऱ्यानं श्वास अडला, छाती भरून आली. एवढी ताकद, आणि आवाज मात्र मोहोळाच्या गुणगुणीसारखा! तेवढ्यात वळण आलं. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांचा डावा पाय ब्रेक समजून गिअरवर पडला. गाडीनं हिसका दिला, मागचं चाक सरकलं. आता संपलंच, असं वाटतंय तोच ती आपणहून सावरली आणि पाण्यात मासोळी वळावी तशी वळून गेली.

ते परतले. गाडी बंद केल्यावरही त्यांनी दोन्ही मुठी घट्ट धरून ठेवल्या होत्या. लेकीचा चेहरा पडला.

"घाबरलात ना, अप्पा?"

"घाबरलो तर! पण चूक माझी होती, पोरी, आणि हिनं ती पोटात घातली. इतकी मायाळू गाडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. घे तू."

लेकीनं हेल्मेटसाठी हात पुढे केला, पण मिस्त्रींनी ते काढलंच नाही.

"थांब जरा. मला अजून एक फेरी मारू दे."