भिंतीपलीकडच्या टीव्हीवर पायल

सुपडाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीत चष्म्याची काडी बसवून घेत होतो. त्याला दीड महिना झाला... त्यांच्याबद्दल गंभीरपणे लिहायला बसलो की आधी माझा गाढवपणा आठवतो. त्यावर ते स्वतःच इतकं हसले होते, की तोच सांगतो.

त्यांची नात पायल कबड्डी खेळते. अमरावतीत तिचा पहिला अंतिम सामना होता आणि तो इंटरनेटवर थेट दिसणार होता. त्यांच्या मुलाने टॅब देऊन ठेवला होता, पण भाऊंच्या अधू डोळ्यांना त्यावरच्या पोरी मुंग्यांएवढ्या दिसायच्या. "टीव्हीवर लावून देतो, त्यात काय," असं मी त्यांच्या गावात, उंद्रीत, चारचौघांत बोलून बसलो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण घरचा फ्यूज बायको बसवते, हे मी सांगितलं नाही.

आणलेली वायर टॅबच्या भोकात जाईना. सामन्याला पाच मिनिटं उरली. मग बिनवायरीचं करू म्हटलं, तर यादीत एकाच नावाचे दोन टीव्ही. ही भावबंदकीची करामत. मधल्या भिंतीपलीकडे धाकटे रामदासभाऊ राहतात. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. पण एकाने काही घेतलं की दुसरा पंधरा दिवसांत, त्याच दुकानातून, नेमकं तेच आणणार. मी ऐटीत वरचं नाव दाबलं. 'जोडले गेले' असं आलं, टॅबचा आवाज गेला, आणि आमचा टीव्ही काळाच.

"काऊन बे मास्तर, तुले येते ना हे?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे पंचांची शिट्टी वाजली. पाठोपाठ रामदासभाऊ बायकोला सांगत होते, "अवं, ही तं आपली पायल." टीव्हीने परवानगी मागितली असणार आणि त्यांनी न वाचता हो दाबलं असणार. मी घाईघाईने बटणं चाचपू लागलो, तसा भाऊंनी माझा हात धरला. "राहू दे. तू दुरुस्त करशीन तवर पोरगी घरी येईन."

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. नऊ वर्षांत धाकट्याची ओसरी ते चढले नव्हते... पलीकडून कळवळून आवाज आला, "धरली वं तिले," आणि भाऊ चपला न घालताच निघाले. मागे मी, टॅब छातीशी धरून.

रामदासभाऊंनी टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढली. तिथूनही थोरल्याला धड दिसत नाही, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "दादा, समोर तिघी उरल्या. गेली पायल... एकीले शिवली. दुसरीनं पाय धरला, पण थांब, दादा, हात रेघेले लागला." भाऊ खुर्चीतून अर्धे उठलेले. पायल जिंकली, घरभर कालवा झाला, तरी भाऊ धाकट्याचं मनगट सोडेनात. धुरा अजून वाकडाच आहे. पण त्यानंतर तिचा प्रत्येक सामना तिथेच पाहिला गेला, आणि चुकीचा टीव्ही जोडायचं मानाचं काम माझ्याकडे आलं.

परवा पायल पुन्हा खेळली. मी टॅब घेऊन गेलो, वरचं नाव दाबलं. पुढ्यातली खुर्ची रिकामी होती. रामदासभाऊंचे डोळे शाबूत आहेत, मीही चष्मा लावून शेजारी बसलेलो, सगळं लख्ख दिसत होतं. तरी ते मोठ्याने सांगत होते, "दादा, आता पायल चालली चढाईले..."