चार पदकांचा अर्ज

माझा थोरला भाऊ लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, त्याला पस्तीसेक वर्षं झाली. सुटताना प्रत्येक सैनिकाला एक पुस्तक मिळतं. भरती कधी झाली, नेमणुका कुठे कुठे होत्या, वागणूक कशी होती, पदकं कोणती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. दादाच्या पुस्तकात पदकांच्या पानावर तीन ओळी आहेत. पाच असायला हव्या होत्या. राहिलेल्या दोन ओळींसाठी मी दोन वर्षं घालवली, आणि त्या आता कधीच चढणार नाहीत अशी सोय माझ्याच हातून झाली. यात माझी चूक किती आणि त्यांची किती, हा वाद मी रोज स्वतःशी घालतो. रोज निकाल वेगळा लागतो.

आम्ही मूळचे मांजरीचे. घरचा ऊस होता, पण दोन भावांचं भागेल एवढा नव्हता. दादा भरती झाला आणि मी पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकलो. पुढे कळलं की दुरुस्तीपेक्षा जुने पंप घेऊन विकण्यात जास्त सुटतं, तेव्हा वाघोलीला रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली. मला कोणी काही दिलेलं नाही. जे आहे ते बोलून, भांडून मिळवलं आहे. आमच्या धंद्यात विकणारा सांगतो तो भाव कोणी खरा धरत नाही, घेणारा म्हणतो तोही नाही. दोघांनी खोटं सांगायचं, चहा प्यायचा आणि मग खऱ्यावर यायचं. पहिल्याच वाक्यात खरा भाव सांगणारा एकतर नवखा असतो, नाहीतर चोरीचा माल घेऊन आलेला असतो. चाळीस वर्षं हेच पाहिल्यामुळे हा मला जगाचा नियम वाटायचा.

एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर तोफगोळ्याचा तुकडा दादाच्या मांडीत घुसला. जखमी झालेल्याला एक पदक असतं, आघाडीवर लढलेल्याला दुसरं. ती दिल्याचं युनिटने आदेशात छापायचं आणि मग ते रेकॉर्डला चढायचं, अशी रीत. दादा दवाखान्यातून बरा होऊन निघाला तो वेगळ्याच युनिटात गेला. जुन्या युनिटला वाटलं नवं छापेल, नव्याला वाटलं जुन्याने छापलं असेल. कोणीच छापलं नाही. सुभेदाराने सांगितलं म्हणून दादाने त्या दोन पदकांच्या फिती छातीवर शिवल्या आणि दोन-तीन वर्षं वापरल्या. मग एका तपासणीच्या वेळी नव्या, तरुण अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवून सांगितलं, पुस्तकात नाही, काढ.

दादाने हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं. "ब्लेडनं टाकं उसवलं," तो म्हणाला. "पर शर्टाला एक भोक पडू दिलं न्हाई."

नोकरीत असताना त्याने दोनदा लिहून दिलं होतं, उत्तर आलं नाही. मग त्याने तो विषय सोडला. मी मात्र सोडला नव्हता. गावात पारावर एकाने माझ्यादेखत विचारलं होतं, "तुमचा दादा तिकडं भाकऱ्या भाजायला व्हता म्हनं?" मी त्याची गचांडी धरली, पण त्याच्या तोंडावर मारायला माझ्याकडे कागद नव्हता.

वहिनी गेली तेव्हापासून दादा माझ्याकडेच असतो. त्याला मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता जपायचं, एवढंच. दादाला मी काही बोललो नव्हतो, पण त्याला कळलं असावं. त्याच आठवड्यात त्याने ट्रंकेतून ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"मी गेलो की हे पुस्तक बंद हुतंय. त्याच्या आधी ह्यात बरोबर लिहून मिळतंय का बघ."

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी कामाला लागलो. आधी मांडीचा एक्स-रे काढला. हाडाच्या कडेला पांढरा शुभ्र तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. मी खूश झालो. माल पायातच होता, नाही कोण म्हणणार? मग साक्षीदार शोधला. दादाच्या पलटणीतले त्या वेळचे एक अधिकारी पुण्यातच राहतात. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, पाकिटावर दादाचं नाव हुद्द्यासकट शाईच्या पेनाने लिहिलेलं. मी त्यांच्या घरी गेलो. नव्वदीकडे झुकलेला ताठ माणूस. मला बसायला सांगून त्यांनी विचारलं, "आपण त्याचे धाकटे बंधू का? सुट्टीवर जाताना तो आपल्यासाठी बूट न्यायचा." मला ते बूट आठवत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पानभर लिहून दिलं, अमुक ठिकाणी, माझ्या डोळ्यांसमोर हा जवान जखमी झाला. खाली सही, हुद्दा, क्रमांक. एवढा भक्कम कागद माझ्या धंद्यात मला कधी मिळाला नव्हता.

तिथे मी थांबायला हवं होतं. दोन पदकं मागायची, एक्स-रे आणि साहेबांचा कागद जोडायचा, संपलं. पण मी विचार केला, ज्या रेकॉर्ड ऑफिसने पन्नास वर्षं उत्तर दिलं नाही ते दोन मागितल्यावर दोन देईल का? एक देतील आणि एक कापतील. वर उपकार दाखवतील. कापायला काहीतरी ठेवलं पाहिजे. म्हणून मी आणखी दोन पदकं घातली. एक शौर्याचं आणि एक उंच पहाडी भागातल्या सेवेचं. ती त्यांनी कापावीत, रागाने कापावीत, आणि आपली दोन सोडावीत, असा माझा बेत.

अर्ज कसब्यातल्या एका म्हाताऱ्या टायपिस्टकडे इंग्रजीत करून घेतला. तो वाचत वाचत टाइप करतो. तिसऱ्या पदकाला त्याने हात थांबवला.

"हे शौर्याचं कशाबद्दल?"

"तुम्ही लिहा हो."

"लिहितो. कशाबद्दल हा रकाना मोकळा ठेवू की तिथेही तुम्ही सांगाल ते लिहू?"

"मोकळा ठेवा."

"छान. शौर्य मोकळं," असं म्हणून त्याने पुढे टाइप केलं.

दादाने सही केली ती न वाचता. फौजेत बोट ठेवलेल्या जागी सही करायची सवय असते, आणि बोट माझं होतं.

चार महिन्यांनी रजिस्टर पत्र आलं. दादाच्याच नावावर, आणि मी शेडवर असताना. संध्याकाळी घरी आलो तर तो पलंगावर पत्र मांडीवर घेऊन बसला होता. पत्र इंग्रजीत होतं. पण पदकांची नावं त्याला इंग्रजीतही ओळखता येतात.

"ही दोन कुनाची?" त्याने बोट ठेवून विचारलं.

"तुझीच. म्हंजी, मागितली."

"कुनी?"

"मी. दादा, ते कापत्यात म्हणून जास्त मागावं लागतं. नुसतं टाकलं हुतं."

"सही कुनाची हाय?"

मी पत्र घ्यायला हात पुढे केला.

"शौर्याचं मागितलं मी?" त्याने मला विचारलं नव्हतं, स्वतःशीच बोलला. मग त्याने चष्मा काढून डबीत ठेवला. त्या दिवशी तो परत घातला नाही.

पत्रात काय होतं ते मी दुसऱ्या दिवशी टायपिस्टकडून समजून घेतलं. चारपैकी दोन पदकांसाठी अर्जदार कधीही पात्र नव्हता. त्यामुळे अर्जातली बाकीची विधानंही विश्वासार्ह धरता येत नाहीत. मांडीतला धातूचा तुकडा लढाईतलाच आहे असं एक्स-रेवरून ठरवता येत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलाशासाठी प्रत पाठवली आहे. प्रत पाठवली आहे, ही ओळ मी त्याला परत वाचायला लावली.

मी सैनिकांच्या कल्याणासाठी असलेल्या ऑफिसात गेलो. खिडकीवरचा कारकून स्वतःही निवृत्त सैनिक होता. त्याने सगळं पत्र शांतपणे वाचलं.

"उंचावरच्या सेवेचं मागितलंय. भाऊ उंचावर कुठे होते? पर्वतीवर?"

मी खिडकीच्या फळीवर हात आपटला. म्हटलं, पन्नास वर्षं तुम्ही झोपला होतात तेव्हा कोणी तुम्हाला पत्र पाठवून खुलासा मागितला का? माझ्या भावाच्या पायात लोखंड आहे, ते काय मी घातलं?

"आवाज कमी करा काका. लोखंडाबद्दल कोणाला शंका नव्हती," तो म्हणाला. "तुम्ही नुसती दोन मागितली असती आणि हा साहेबांचा कागद जोडला असता तर मी स्वतः इथून फोन केला असता. अशी केस वर्षात एखादी येते, आम्हालाही बरं वाटतं. आता या फाइलला कोण हात लावणार?"

हे त्याने शिवी दिल्यासारखं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने ते खरंच वाईट वाटून सांगितलं.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"आपण माझ्या प्रमाणपत्राचं काय केलंत?"

"साहेब, अर्जाला जोडलं."

"मी एका जखमेबद्दल लिहिलं होतं. आपण त्यावर दुकान मांडलंत."

"मागताना थोडं जास्त मागावं लागतं साहेब. पुढून ते कापणारच."

 

"आमच्या पलटणीत त्या लढाईत शौर्यपदक दोघांना मिळालं," ते म्हणाले. "दोघंही परत आले नाहीत. त्यांच्या रांगेत आपण भावाला बसवलंत, घासाघीस करायला. मी माझं प्रमाणपत्र मागे घेतलं आहे. तसं कळवलंही आहे."

मला गप्प बसता आलं नाही. मी म्हटलं, "पन्नास वर्षं तुम्ही दिवाळीची कार्डं पाठवलीत साहेब. त्यातलं एक कार्ड रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं असतं तर ही वेळच आली नसती."

त्यांनी फोन ठेवला. मी जे बोललो ते आजही मला खोटं वाटत नाही. पण ते बोलायची जागा मी घालवून बसलो होतो.

दादाने साहेबांना हिंदीत पत्र लिहिलं. लिहायला दोन दिवस लागले. मला वाचू दिलं नाही, पण पाकिटात घालताना एक ओळ दिसली. सही मेरी है, गलती भी मेरी है. माझं नाव त्यात घातलंच नव्हतं. पत्र मीच टपालात टाकलं. उत्तर आलं नाही, आणि त्या दिवाळीला कार्डही आलं नाही. दादा पोस्टमनची वाट पाहत दारात बसायचा असं नाही, पण पोस्टमन गेल्यावर आत यायचा.

त्यानंतर मी दोनदा रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं, वेगळे शब्द घालून, गोड बोलून. दोन्ही वेळा एका परिच्छेदाचं उत्तर आलं, की पहिल्या पत्राने प्रकरण निकाली निघालं आहे. एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात जाता येईल, पण पहिला प्रश्न त्या दोन पदकांचाच निघेल, आणि तो भाऊसाहेबांना पिंजऱ्यात उभं करून विचारतील. मी तिथेच उठलो.

गेल्या महिन्यात दादा पलंगावरून उठेनासा झाला. मी शेवटचा म्हणून एक अर्ज करून आणला. फक्त दोन पदकं. आधीच्या अर्जात दोन चुकून मागितली गेली, त्याबद्दल माफी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. 'चुकून' हा शब्द सोडला तर. मी त्याच्याजवळ बसून सगळा अर्ज मराठीत सांगितला. त्याने परत एकदा सांगायला लावला.

"आता दोनच?" त्याने विचारलं.

"दोनच. खरी हायेत ती."

"तुझ्याकडं गिऱ्हाईक येतंय. तू चार सांगतोस, ते उठून चाललं की दोनावर येतोस. मग त्याला काय वाटतंय?"

त्याला काय वाटतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याला वाटतं, अजून उतरेल. दोन हाही खरा भाव नव्हेच.

"पयल्यांदा दोन सांगितलं असतंस तर दोन ऱ्हायलं असतं," दादा म्हणाला. रागाने नाही. गावात कोणाचा पंप का जळाला हे सांगावं तसं. "आता ते दोनबी तुझंच झालं. माझं न्हाई ऱ्हायलं."

"सही कर दादा. एक सही."

"न्हाई."

मी चिडलो. पडलेल्या माणसावर ओरडलो. म्हटलं, दोन वर्षं कोणासाठी पळालो, तुला पडलेली नाही तर मला काय करायचंय. त्याने ऐकून घेतलं. माझं झाल्यावर म्हणाला, पाय दुखतोय, जरा उशी दे खाली. मी त्या मांडीखाली उशी सारली. आत तुकडा कुठे आहे ते आता मला न बघता कळतं.

त्याच्या सहीशिवाय अर्ज घेत नाहीत. तो गेल्यावर वारसाला अर्ज करता येतो, त्याचा नमुना वेगळा असतो, तेही मी त्या खिडकीवर विचारून आलो. कारकुनाने नियम काढून दाखवला. बायको चालते, मुलं चालतात, आईवडील चालतात. भाऊ चालत नाही.