हाडांच्या वकिलाची पाटी

त्यांना नाशकात सगळे हाडांचे वकील म्हणत. देवळालीच्या मोटारीतून पडलेला, टांग्याखाली सापडलेला, कारखान्यात हात भाजलेला, ज्याचं काही ना काही मोडलंय तो त्यांच्याकडे जाई. मी एका पत्रकात त्यांना ‘परक्याच्या हाडांवर पोसलेले’ असं छापलं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि विशेषणं मला फुकट मिळत. त्याच वकिलांच्या ओसरीवर एका शनिवारी सकाळी मी पाय आखडून बसलो होतो.

कारण मामा. माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या आळीतले, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे आणि ट्रेडल, म्हणजे पायानं चालणारं छपाईचं यंत्र, तेही चालवणारे. सगळी आळी त्यांना मामा म्हणे. आदल्या रविवारी छापखाना बंद असताना ट्रेडलमध्ये त्यांचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली. मालकाला तिथं कागदाच्या रिमाचं फाडलेलं वेष्टण मिळालं. त्यानं निरोप धाडला: सुट्टीच्या दिवशी न विचारता यंत्र चालवलंस, माझा कागद चोरलास; सोमवारी येऊन राजीनाम्यावर सही कर, नाहीतर चौकीवर फिर्याद देतो. अठरा वर्षं त्या छापखान्यात काढलेला माणूस सही करायला तयार झाला होता! यंत्र कुणासाठी चालवलं ते मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं.

मला मालकाला कोर्टात खेचायचं होतं. मथळासुद्धा मनात तयार होता. पण रविवारपासून अन्न गोड लागत नव्हतं आणि दाराची कडी वाजली की मी आधी मागच्या दाराकडे बघे.

माझ्या आधी पंचवटीतल्या एक बाई होत्या. शेजारणीचं सांडपाणी त्यांच्या उंबऱ्याशी येत होतं. वकिलांनी एवढंच विचारलं, “पाणी आधीपासून येतं, का उंबरा नंतर पुढं सरकवलात?” बाई म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही तिच्या बाजूचे का?” आणि पदर खोचून निघून गेल्या.

मग एक टांगेवाला. त्याचा घोडा गिऱ्हाइकाला चावला होता.

“घोडा लय गरीब हाय, साहेब. त्या माणसानंच कणीस दाखवलं न् मागं घेतलं. तुम्हाला दाखवून मागं घेतलं तर?”

“मी चावणार नाही. दावा लावीन,” वकील म्हणाले आणि त्यांनी शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी पुढं सारली. “काढ. घोडा कुठं, गिऱ्हाईक कुठं.”

टांगेवाल्यानं घोडा इतका लांब काढला की टांग्याला जागाच उरली नाही. वकिलांनी पाटी निरखली.

“तू चहा प्यायला गेला होतास.”

“आपल्याला कुणी सांगितलं?”

“पाटीवर तू नाहीस.”

टांगेवाला कान खाजवू लागला. त्याला सल्ला मिळाला: जाऊन त्या माणसाची माफी माग, औषधाचं बघ आणि घोड्याला मुसकी बांध. मी मनात म्हटलं, हे काय वकील! गरिबाला माफी मागायला लावतात. आणि मग माझी पाळी आली.

“या, पत्रकवाले. ‘पोसलेले’ शब्द चांगला होता,” ते म्हणाले.

मी सरळ भाषणच सुरू केलं. मालकशाही, नफेखोरी, श्रमिकाचं रक्त. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “छापखान्यात माणसं किती?”

“चार.”

“मग कामगारांच्या भरपाईचा कायदा तिथं पोचत नाही. तो मोठ्या कारखान्यांपुरता.”

“हा अन्याय आहे!”

“आहे. पाटी घ्या.”

मी ट्रेडल काढलं. मामा काढले, एक वर्तुळ. खिळ्यांच्या पेट्या, खिडकी, कागदाचा गठ्ठा.

“रविवारी ते काय छापत होते?”

“पत्रक. देवळालीच्या मोटारी माणसं कोंबून नेतात, त्याविरुद्ध.”

“कुणाचं?”

मी पाटीवरचा गठ्ठा पुन्हा एकदा गिरवला. “माझं.”

“खाली छापखान्याचं नाव?”

“नव्हतं.”

बिननावाचं पत्रक छापणं गुन्हा, हे मला पाठ होतं. त्यात मला शौर्य वाटे. त्यांनी नुसतं विचारलं, “तुम्ही कुठं उभे होतात?”

मी दुसरं वर्तुळ काढलं. मामांच्या उजव्या हाताला, अगदी लागून.

“तिथं कशाला?”

“पुढच्या पत्रकाचा मजकूर वाचून दाखवत होतो.” हे मी स्वतःलासुद्धा तोवर सांगितलं नव्हतं. “एक वाक्य जमलं होतं. म्हटलं, मामा, हे ऐका. त्यांनी मान वर केली.”

यंत्राला वाक्य ऐकू येत नाही. ते हातावर मिटलं.

“पुढं?”

पुढचं पाटीवर काढता येत नव्हतं, ते तोंडानं सांगितलं. मी मामांचा हात उपरण्यात बांधला, टांगा केला. मामा म्हणाले, “भाऊ, आधी पत्रकांचा गठ्ठा घ्या.” मी घेतला. दवाखान्याच्या दारात पोलीस शिपाई उभा होता. मामा एकटे उतरले. मी मांडीवरचा गठ्ठा धरून टांग्यात बसून राहिलो आणि टांगेवाल्याला म्हटलं, चल. मामांनी डॉक्टरला सांगितलं, यंत्राला तेल द्यायला गेलो होतो.

मला वाटलं, आता ते ‘परक्याच्या हाडांवर पोसलेले’ हे माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारतील. पण त्यांनी विचारलं ते निराळंच.

“कागद कुणाचा होता?”

“माझा. मी भद्रकालीतून विकत आणला होता.”

“मग चोरी कसली? पण हे सांगू शकेल असा माणूस एकच. त्यानं लिहून दिलं की चोरीचा आळ गळतो. आणि त्याच कागदावर तो बिननावाचं पत्रक छापवून घेतल्याची कबुली देतो. तुमचा वकील म्हणून सांगतो, लिहू नका.”

“आणि मामा?”

“मामा माझे अशील नाहीत. सल्ला कुणासाठी हवा ते आधी ठरवा.”

मला त्यांचा संताप आला. खरं म्हणजे पळून जावंसं वाटलं. घरी आई होती, धाकटी बहीण लग्नाची होती, आणि तुरुंगाबद्दल मी जे लिहीत होतो ते सगळं न जाता लिहिलेलं होतं. तरी मी कागद मागितला. पहिल्या खेपेला पानभर लिहिलं. त्यांनी पेन्सिल घेऊन ‘निर्दय’ खोडलं, ‘पिळवणूक’ खोडलं, ‘इतिहास’ खोडला. शेवटी उरलं ते असं: रविवारी यंत्र माझ्या सांगण्यावरून चालवलं. कागद माझा होता. काम माझं होतं. अपघात झाला तेव्हा मी शेजारी उभा राहून बोलत होतो. खाली सही.

माझ्या आयुष्यात इतकं थोडं लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री, डोळा लागला नाही. सोमवारी मामांच्या आधी मी छापखान्यात पोचलो. मालकानं कागद दोनदा वाचला.

“काम म्हणजे कसलं काम?”

“विचारलंत तर सांगतो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. बिननावाचं पत्रक त्याच्या यंत्रावर निघालं हे बाहेर गेलं असतं तर त्याच्याही छापखान्याला टाळं लागलं असतं. “मला विचारायचंच नाही,” तो म्हणाला.

तेवढ्यात मामा आले, हाताला भलं मोठं बँडेज. राजीनामा टेबलावर तयार होता. मालकानं तो उचलला, चुरगळला नाही, नुसता उलटा ठेवला.

“खिळे उचलायला किती बोटं लागतात रे?”

“दोन, मालक. अंगठा धरून.”

“हात भरला की जागेवर बस. यंत्राजवळ दिसलास तर याद राख.” मग माझ्याकडे वळून, “हा तुझा कागद माझ्या खणात राहील. परत इकडे फिरकलास तर घेऊन चौकीवर जाईन.”

मामांची जागा राहिली. मी अजून त्या गल्लीतून जात नाही. रस्त्यात खाकी रंग दिसला की आधी तो खण डोळ्यांपुढं येतो.

मध्यंतरी रविवार कारंज्यावर मामा भेटले. मी हळूच विचारलं, “मालकांनी तो कागद फाडला असेल का हो?”

“छे. वरच असतो. खिळ्यांचा चिमटा त्याच खणात असतो. तो घ्यायला मी खण उघडतो ना, रोज दिसतो.”

“मग तुम्ही तो काढून...”

“नाही हं, भाऊ. चोरीचा आळ एकदा आला तेवढा पुरे.” मामा हसले. “आणि खरं सांगू का, तुमचं एवढं आखूड लिखाण दुसरं नाही. मला पाठ झालंय.”